सातबाऱ्यावरचं ‘अ.पा.क.’ : लेकरांचा पालनकर्ता कोणी ठरवायचा?



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, त्याचं नाव काढलं की घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, “असं अभद्र कशाला बोलता?” विषय असा आहे : घरधनी गेला, पदरात लहान लेकरं आहेत. उद्या आपल्यालाही काही झालं, तर त्या लेकरांना कोण सांभाळणार? आणि त्यांच्या नावावर जी दोन-तीन एकर जमीन आहे, तिच्याकडे कोण पाहणार?

बोलायला हे जड आहे. पण आपल्या घरच्या एका कागदावर हा प्रश्न कधीचाच लिहिलेला आहे. तो कागद म्हणजे सातबारा. जळगाव जामोद तालुक्यात, वर सातपुड्याच्या पायथ्यापासून खाली पूर्णेच्या काठापर्यंत, कुठल्याही गावात पाहा. ज्या घरात बाप गेला तेव्हा मुलं लहान होती, तिथे सातबाऱ्यावर मुलाचं नाव असतं आणि त्याच्यापुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहून आईचं नाव असतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, तर ज्याला १८ वर्षं पूर्ण झालेली नाहीत असं लेकरू. पालनकर्ता म्हणजे त्याच्या वतीनं त्याचं पाहणारा माणूस.

त्या जागी आईचं नाव दिसलं की आज कोणाला नवल वाटत नाही. आई नाही तर कोण, असंच आपण म्हणतो. पण आईचं हे नाव तिथे पक्कं व्हायला आणि आपल्यानंतर लेकराचं कोण पाहील ते लिहून ठेवायचा हक्क आईला मिळायला शंभर वर्षं लागली. ती हकिगत आज सांगतो.

आईचा नंबर होता, पण कच्चा

जुन्या हिंदू कायद्यात बापाच्या मागे आईलाच मुलांची पालक मानत. पण त्यात तीन गोम होत्या. पहिली, बापानं मरताना तोंडी किंवा लेखी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं, तर आई बाजूला पडत असे. दुसरी, जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर तिचा कारभार कर्त्या पुरुषाकडे, म्हणजे बहुधा सासऱ्याकडे नाहीतर दिराकडे राही. लेकरू आईच्या मांडीवर आणि त्याचं वावर दुसऱ्याच्या हातात. तिसरी गोम सगळ्यांत मोठी होती : बापाला मृत्युपत्र करून मुलांचा पालक नेमता येई, आईला तसं करताच येत नसे. तिनं नऊ महिने पोटात वाढवलं, पुढे एकटीनं रात्रंदिवस राबून लहानाचं मोठं केलं. तरी “माझ्यामागे माझ्या लेकराला अमक्याकडे द्या” हे तिचं म्हणणं कायद्यात कुठे लागत नव्हतं.

१८५६ साली इंग्रज सरकारनं विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. शाळेच्या पुस्तकात तो आपण चांगला कायदा म्हणून वाचतो आणि तो होताही. पण त्यात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या फारशा कोणी सांगत नाही. विधवेनं दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपे. आणि नवऱ्यानं मृत्युपत्रात तिला किंवा दुसऱ्या कोणाला मुलांचं पालक नेमून ठेवलं नसेल, तर मयताचे आईबाप, आजाआजी किंवा त्याच्याकडचे पुरुष नातलग कोर्टात जाऊन मुलांसाठी दुसरा पालक मागू शकत. म्हणजे नवा संसार थाटायला कायद्यानं दार उघडलं, पण लेकरांना सोबत नेता येईल याची खात्री दिली नाही. हा कायदा १९८३ साली रद्द झाला.

त्या काळातल्या एका आईनं यातून काय वाट काढली ते पाहा. मुंबईच्या जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांची मुलगी रखमाबाई तेव्हा अगदी लहान होती. नवऱ्यानं मृत्युपत्र करून मिळकत जयंतीबाईंना दिली होती. काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी त्यांचं दुसरं लग्न झालं. त्या वेळी जयंतीबाईंनी ती मिळकत मुलीच्या नावे करून दिली. आधी लेकीची सोय, मग स्वतःचं लग्न. पुढे याच रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारलं, त्यासाठी कोर्टात झुंज दिली आणि विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. सावत्र बाप त्यांच्या पाठीशी उभा राहिला होता, हेही सांगायला हवं.

बुलढाण्याच्या ताराबाई आणि पुण्याचं मृत्युपत्र

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. जळगाव तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. बुलढाण्यात तो १९०५ साली आला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं आणि १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, अशी इथली तऱ्हा होती. त्या काळात बुलढाण्यात ताराबाई शिंदे राहत होत्या. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला आपल्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. नंतर ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी सगळ्या विधवांना, सगळ्या बायकांनाच नावं ठेवली. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं आणि १८८२ साली ते पुण्यात छापलं गेलं. विधवेला वाळीत टाकायचं, तिला आधार द्यायचा नाही आणि मग तिच्या हातून काही घडलं की दोष तिलाच द्यायचा, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल आपल्या बुलढाण्यातून निघाला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. ताराबाईंवर टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीरावांनी त्यांची बाजू उचलून धरली. त्याआधीच, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं होतं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचं बाळ या दोघांनी आपलं मानलं. तोच यशवंत.

आपल्या विषयाच्या कामाची गोष्ट पुढे आहे. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून ते सरकारदरबारी नोंदवलं. यशवंत तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, म्हणजे अज्ञान होता. आपल्यामागे सावित्रीबाईंचं आणि यशवंताचं काय, हे जोतीरावांनी कागदावर आणलं. पोटचा मुलगा नाही, जात वेगळी, भाऊबंद सोडणार नाहीत, हे त्यांना दिसत असणार. आणि झालंही तसंच. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव वारले तेव्हा प्रेतयात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून पुतण्यानं यशवंताला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवं त्यांनी स्वतः धरलं आणि अग्नीही त्यांनीच दिला. टिटव्याचा मान नुसता मान नसतो, त्याच्यामागे वारसाहक्काचा दावा उभा असतो, हे आपल्या खेड्यापाड्यात कोणाला सांगायला नको. सावित्रीबाईंच्या हिमतीला तो आधी करून ठेवलेला कागदही जोडीला होता. यशवंत पुढे शिकून डॉक्टर झाला.

१८९० ते १९५६

ज्या वर्षी जोतीराव गेले, त्याच १८९० साली पालक आणि पाल्य कायदा झाला. तो आजही चालू आहे आणि सगळ्या धर्मांच्या, जातीजमातींच्या लोकांना उपयोगी पडतो. पालक कोण यावरून वाद झाला, किंवा पालकच उरला नाही, तर जिल्हा न्यायालयानं पालक नेमावा, असं हा कायदा सांगतो. नेमताना न्यायाधीशानं लेकराचं भलं पाहायचं : त्याचं वय, मुलगा आहे की मुलगी, पालक होऊ पाहणाऱ्याची वागणूक, नात्याची जवळीक, आणि मेलेल्या आईबापानं काही इच्छा सांगून ठेवली असेल तर ती. लेकराला समज आली असेल तर त्याचं मतही विचारात घेता येतं.

पण याच कायद्यात असंही होतं की बाप हयात असेल आणि नालायक ठरत नसेल, तर कोर्टानं दुसरा पालक नेमायचा नाही. आईचा उल्लेख त्या ओळीत नव्हता. तो घातला गेला २०१० साली, म्हणजे तब्बल १२० वर्षांनी.

मधल्या काळात विधवेच्या मिळकतीची बाजू थोडी सुधारली. १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नानं कायदा झाला आणि हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळाला; तोही जन्मभर वापरण्यापुरता, पूर्ण मालकीचा नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल आणलं. ते रखडलं, आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यांतले दोन १९५६ चे. वारसा कायद्यानं विधवेला तिच्या वाट्याची पूर्ण मालकी दिली. आणि अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं ती तिसरी गोम काढून टाकली.

या पालकत्वाच्या कायद्याचं नववं कलम प्रत्येक बाईला ठाऊक हवं. सोप्या शब्दांत सांगतो. बापानं मृत्युपत्रात काकाला पालक नेमलं आणि बाप वारला, तरी आई जिवंत असेपर्यंत काकाची नेमणूक चालत नाही, पालक आईच. पुढे आई मृत्युपत्र करून दुसऱ्या कोणाला नेमू शकते. तिनं नेमलं तर तिनं लिहिलेला माणूस पालक होतो. तिनं काहीच लिहून ठेवलं नाही, तर मात्र तिच्यामागे बापाच्या मृत्युपत्रातलं नाव पुन्हा जागं होतं. म्हणजे शेवटचा शब्द आता विधवा आईचा आहे. अट एकच : तो शब्द तिनं लिहून ठेवलेला हवा.

आणखी एक. विधवेनं दुसरं लग्न केलं म्हणून या कायद्यात तिचं पालकपण आपोआप जात नाही. १८५६ आणि १९५६ यांच्यामधला फरक तो हा. आणि सावत्र बाप किंवा सावत्र आई लग्न झाल्यानं आपोआप पालक होत नाही. म्हणून बायको गेलेल्या बापानंही आपल्या मागे लेकरांना कोण पाहील हे लिहून ठेवणं तेवढंच गरजेचं आहे.

हा कायदा हिंदूंप्रमाणे बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागू आहे. आपल्या मुस्लिम भगिनींसाठी रीत वेगळी. लहान लेकरांना जवळ ठेवून वाढवण्याचा हक्क आईचा असतो, पण मिळकतीचा पालक आधी बाप, मग बापानं मृत्युपत्रात नेमलेला माणूस, मग आजोबा. बाप हयातीत मृत्युपत्र करून आईला त्या जागी नेमू शकतो. नाहीतर आईला १८९० च्या कायद्याखाली कोर्टाकडून नेमणूक मागता येते. सातपुड्यातल्या आदिवासी भगिनींना हे हिंदू कायदे सरसकट लागू नाहीत. त्यांनी आधी विधी सेवा समितीत विचारून घ्यावं.

वऱ्हाडातल्या वावराचा खटला

कायदा झाला तरी अर्थ लावायचं काम कोर्टांचं. १९७० साली सुप्रीम कोर्टात विदर्भातल्या शेतजमिनीचा एक वाद गेला : जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान. मुलगी अज्ञान होती, तिचं सगळं आई पाहत होती आणि मुलीची जमीन आईनंच वहितीला लावून दिली होती. बाप जिवंत होता, पण कित्येक वर्षं वेगळा राहत होता आणि मुलीकडे ढुंकून पाहत नव्हता. कोर्टानं म्हटलं, अशा परिस्थितीत आईलाच मुलीची पालक मानलं पाहिजे.

पुढे लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात हाच धागा मोठा झाला. मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला त्या गेल्या, तर बापाची सही आणा म्हणून अर्ज परत आला. १९९९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कायद्यात ‘बापानंतर आई’ असं लिहिलं आहे, त्याचा अर्थ बाप मेल्यावरच आई, असा घ्यायचा नाही. बाप लक्ष देत नसेल किंवा गैरहजर असेल, तरी आई पालक आहे. ज्यांचे नवरे जिवंत आहेत पण घर सोडून गेले आहेत, त्या बायांनी हा निकाल लक्षात ठेवावा. पठाणखानाच्या वावरापासून निघालेली वाट इथवर आली.

आता आपण काय करायचं?

पहिलं काम सातबाऱ्याचं. नवरा गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. मयत खातेदाराच्या जागी वारसांची नावं लावायची ‘जिवंत सातबारा’ मोहीम २०२५ साली आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. नोंद करताना स्वतःचं नाव वारस म्हणून लागलं आहे का, आणि मुलांपुढे अ.पा.क. म्हणून आपलंच नाव आहे का, हे दोन्ही डोळ्यांनी पाहून घ्या. सातबाऱ्यावर दिराचं नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ असं असेल, तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे तुमच्या लेकरांचा हिस्सा वेगळा दिसत नाही. मृत्युपत्रानं नेमलेल्या पालकाला एकत्र कुटुंबातल्या न वाटलेल्या हिश्श्यावर अधिकार मिळत नाही, म्हणून वाटणीचं बोलणं टाळू नका. मूल १८ वर्षांचं झालं की वयाचा दाखला देऊन अ.पा.क. हा शेरा काढून घ्यायचा.

दुसरं, पालक म्हणजे मालक नव्हे. अज्ञान लेकराची जमीन विकायची, गहाण टाकायची किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीनं कोणाला द्यायची, तर कोर्टाची परवानगी लागते, आईलाही लागते. परवानगीशिवाय विकली तर मुलाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागता येतो. “सही कर, बाकी आम्ही पाहतो” असं कोणी म्हणालं, तर हे त्याला ऐकवा.

तिसरं, मृत्युपत्र. त्याला वय लागत नाही, म्हातारपण लागत नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असणं पुरे. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. आपली सही किंवा अंगठा, आणि ते पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्याच्या नावे काही ठेवायचं, त्याला साक्षीदार करू नका. दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं सक्तीचं नाही, पण नोंदवलेलं बरं. मन बदललं तर नवं करता येतं.

त्यात लेकरांचा पालक म्हणून स्पष्ट नाव लिहा. एकाच माणसाला सगळं द्यायला हवं असं नाही. लेकराला वाढवायला मावशी आणि वावर पाहायला मामा, अशी दोन नावं कायद्याला चालतात. ज्याचं नाव लिहायचं त्याला आधी विचारा. लेकरू समजतं झालं असेल तर त्यालाही विचारा, कारण राहायचं त्याला आहे. आणि हे विसरू नका की बँकेतला नॉमिनी म्हणजे मुलांचा पालक नव्हे. तो कागद वेगळा, हा वेगळा.

चौथं, पैशाची अडचण सांगून कोणी घाबरवत असेल तर ऐका : १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. १५१०० हा नंबर लावा, किंवा तालुका विधी सेवा समितीत जा.

मैत्रिणींनो, जोतीरावांनी लिहून ठेवलं, जयंतीबाईंनी वेळेवर करून दिलं. त्या काळी आईला पालकाचं नाव लिहायचा हक्क नव्हता. आपल्याला १९५६ पासून आहे, आणि तरी आपल्यातल्या कितीतरी बाया तो न वापरता जातात. मग काका आणि मामा यांच्यात ओढाताण होते, आणि लेकरू कधी या दारी तर कधी त्या दारी. नाव लिहिल्यानं मरण जवळ येत नाही. न लिहिल्यानं ते लांबही जात नाही.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की गटातल्या प्रत्येकीनं हा एक प्रश्न आपल्या शेजारणीला विचारावा : “ताई, तुझ्या लेकरांसाठी तू कोणाचं नाव लिहिशील?” उत्तर लगेच सुचणार नाही. विचार करायला एक आठवडा द्या आणि पुढच्या बैठकीला सातबाऱ्याचा उतारा सोबत घेऊन या.